नंबर कितवा?

शाळेच्या व्हरांड्यासमोर रांग लागली आहे, पण रांगेत माणसं नाहीत. चपला आहेत, कापडी पिशव्या आहेत, एक जेवणाचा डबा आहे आणि दोन ठिकाणी नुसते दगड आहेत. माणसं भिंतीला पाठ लावून कोवळं ऊन खात बसली आहेत. मात्र कोणाची पिशवी कोणाच्या पुढे सरकली यावर सगळ्यांची बारीक नजर आहे. एक म्हातारा काठी टेकत येतो, धोतराचा सोगा सावरतो आणि विचारतो, "नंबर कुठं लावायचा?" तीन-चार हात एकदम उठतात. "तिकडं, अण्णा. त्या निळ्या पिशवीच्या मागं." अण्णा पायताण काढून पिशवीमागं ठेवतात आणि अनवाणी उन्हाकडे वळतात. त्यांचा नंबर लागला.

हे इंदापूर तालुक्यातलं गाव. पुणे-सोलापूर महामार्ग सोडून आत वळलं की दोन्ही अंगांना तुरा आलेला ऊस आणि मधूनच डाळिंबाच्या बागा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज डोळ्यांच्या मोफत तपासणीचं शिबिर आहे आणि मी नोंदणीच्या टेबलाशी बसून नावं लिहून घेते आहे. समोरच्या छापील तक्त्यातल्या पहिल्या रकान्यावर 'अनुक्रमांक' असं लिहिलेलं आहे. तो शब्द सकाळपासून कोणाच्याही तोंडी आलेला नाही. सगळे नंबर म्हणतात. आणि ऊन डोक्यावर यायच्या आत या एका शब्दाची इतकी कामं माझ्यासमोर होतात, की मी नावांबरोबर तीही टिपून ठेवायला लागते.

"आजी, तुमचा नंबर कितवा?"

"तूच दिलाय की बाई. मला कुठं वाचाय येतंय?" आजी मूठ उघडतात. घामानं ओलसर झालेली चिठ्ठी. एक्काहत्तर.

"बरं, मोबाईल नंबर सांगा."

"थांब." कमरेची चंची सुटते. सुपारी बाहेर येते, चुन्याची डबी येते आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला वहीच्या कागदाचा एक तुकडा. "हा माज्या नातवाचा नंबर. भोसरीला कंपनीत हाय. मला काय झालं तर ह्येला कळवायचं." मी ते दहा आकडे उतरवून घेते. आजी तुकडा परत तसाच गुंडाळतात. दुसऱ्या कोणासाठी हे दहा आकडे असतील. त्यांच्यासाठी तो भोसरीत राहणारा नातू आहे.

मागच्या दोन माणसांचं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव अक्षरशः सारखं निघतं. मी गोंधळते. भिंतीकडून लगेच उत्तर येतं, "गट नंबर लिवा त्येंचा. ह्ये दोनशे चौदावालं, त्ये वढ्याकडचं." दोघंही मान हलवतात. आधार कार्डावरचे बारा आकडे दोघांकडेही आहेत. देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं तेही महाराष्ट्रातल्या गावात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पण गावात माणूस अजून जमिनीच्या नंबरानं ओळखला जातो.

आणि या तालुक्यात तर त्या ओळखीला मोठा इतिहास आहे. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला, १८३०च्या सुमारास, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं इथल्या जमिनींवर बसवलेला सारा इतका जड होता की कुणबी शेतं टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६मध्ये इंदापुरात नव्यानं मोजणी केली, मातीची प्रत लावली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे मुंबई इलाख्यात जमाबंदीची जी पद्धत रूढ झाली तिची सुरुवात इथल्या शिवारात झाली. शेताला हद्दीचे दगड मिळाले आणि नंबर मिळाला. तोवर शेताला नाव असायचं: चिंचेचं वावर, विहिरीची पट्टी, मधला माळ. नावं अजून आहेत, ती घरात चालतात. तलाठ्याच्या दप्तरात मात्र नंबरच चालतो. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यानंतर जमिनींची एकत्रीकरणं झाली तेव्हा सर्व्हे नंबराचे गट नंबर झाले. ज्या उताऱ्यावर हे लिहिलेलं असतं त्याचं नावच मुळी आकड्यांचं आहे. गाव नमुना नंबर सात आणि गाव नमुना नंबर बारा मिळून सातबारा.

म्हणजे टेबलाशी बसल्या बसल्या दोन प्रश्नांची उत्तरं या शब्दानं दिलेली आहेत. रांगेत तो 'कितवा' ते सांगतो, मोबाईल आणि जमिनीच्या बाबतीत 'कोणता' ते सांगतो.

तिसरा प्रश्न आतल्या वर्गात आहे.

सातवीच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवली आहेत. फळ्यावर अक्षरांचा तक्ता लटकतो आणि तिथून सहा मीटरवर, म्हणजे जवळपास वीस फुटांवर, खडूनं रेघ मारलेली आहे. अशा तक्त्याची पद्धत स्नेलन या डच डॉक्टरनं १८६२मध्ये घालून दिली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी दुसरा तक्ता आहे, तीन दातांच्या फणीसारख्या एकाच आकृतीचा. फणीचं तोंड जिकडे असेल तिकडे हात करायचा. एक मावशी डावीकडे हात करतात, मग वर, मग खाली, आणि चौथ्या ओळीला हात हवेतच थांबतो.

रेघेवर आता सातवीतली एक मुलगी उभी आहे. तिच्या नाकावर चाचणीची जड गोल चौकट आहे. डॉक्टर एकेक भिंग त्यात सरकवतात, काढतात. "आता बरं, का मगाशी बरं?" बाप दाराशी उभा राहून सांगतो आहे, "पहिला नंबर सोडत नव्हती, डॉक्टर. औंदा एकदम सातवा आला. घरच्यांनी लई बोललं."

"वर्गात कुठं बसतेस, बाळ?"

"पहिल्यांदा पुढं बसायची. उंच झाले म्हणून बाईंनी मागं बसवलं."

"फळा दिसतो?"

मुलगी बापाकडे बघते. मग मान हलवते. नाही.

डॉक्टर कागदावर लिहितात आणि मोठ्यानं सांगतात: उजवा मायनस दीड, डावा मायनस पावणेदोन. डोळ्याचा गोळा किंचित लांबला की लांबच्या वस्तूचं चित्र पडद्यावर पडण्याऐवजी पडद्याच्या अलीकडेच पडतं आणि फळा धूसर होतो. बापाला हे सगळं कळत नाही, पण मुख्य गोष्ट कळते. डोळ्याचा नंबर चढला म्हणून वर्गातला नंबर उतरला. तो पुढे येऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि एवढंच म्हणतो, "सांगायचं न्हाई का गं?"

या नंबराचा हिशेब सोपा आहे. समांतर किरण ज्या भिंगामुळे एक मीटरवर एकत्र येतात त्याचा नंबर एक. अर्ध्या मीटरवर आले तर दोन. फ्रान्समधल्या मोनॉये या नेत्रतज्ज्ञानं १८७२मध्ये हे माप सुचवलं. त्याआधी भिंगं इंचांवर ओळखली जात: किरण किती इंचांवर जुळतात तो त्यांचा आकडा. त्या जुन्या मोजणीत मोठा आकडा म्हणजे सौम्य भिंग होतं. नव्या मोजणीत मोठा आकडा म्हणजे जाड भिंग. जवळचं वाचायला लागणाऱ्या चष्म्याला मराठीनं वयाचाच आकडा नाव म्हणून दिला आणि त्याला चाळिशी म्हटलं. ते शास्त्राला धरून आहे. डोळ्यातलं भिंग चाळिशीच्या सुमारास ताठर व्हायला लागतं, आधी प्लस एकच्या आसपास नंबर लागतो आणि साठीपर्यंत तो अडीचला पोचतो. इथे नंबर 'किती' ते सांगतो.

बाहेर येते तर भिंतीजवळ गप्पा रंगल्या आहेत आणि त्याही नंबराच्याच आहेत. कारखान्याकडे लागणीची नोंद केलेली आहे, पण तोडीचा नंबर अजून येत नाही. "तुरा आलाय, आता रोज वजन घटतंय," एकजण म्हणतो. दुसरा सांगतो, त्याच्या पुतण्याच्या बैलांनी शर्यतीत नंबर काढला. जत्रेतली एक नंबरची कुस्ती कोणत्या जोडीची लावायची यावरून दोघांचं जुंपतं. आषाढात तुकोबांची पालखी याच तालुक्यातून जाते. एक माळकरी बाबा आपल्या दिंडीचा नंबर सांगतात, तो रथापुढचा का रथामागचा तेही सांगतात, आणि तो सांगताना त्यांचा आवाज बदलतो. कितव्या पिढीपासून ही जागा घरात आहे ते त्यांना त्या नंबरातून सांगायचं असतं.

इंग्रजीतही हा शब्द एका जागी बसणारा नाही. लॅटिनमधल्या 'नुमेरुस'पासून फ्रेंचमार्गे तो तिथे पोचला आणि संख्या, आकडा, समूह असे अर्थ घेत गेला. नियतकालिकाचा अंक हाही नंबर आणि कार्यक्रमातलं एखादं गाणं हाही नंबर. इंदापुरात शेतांना नंबर पडत होते त्याच १८३६ साली लंडनमध्ये चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' महिन्याच्या महिन्याला नंबरांत निघत होती आणि लोक पुढच्या नंबराची वाट बघत होते. आपल्याकडे हे काम 'अंक' हा शब्द करतो. आकडा तोच, दिवाळीचा अंक तोच, नाटकाचा अंकही तोच. म्हणूनच आपण नंबर हा शब्द त्या कामांसाठी घेतला नाही. ती जागा भरलेली होती.

मग मराठीनं त्याला कुठे बसवलं? भिंतीशी बसलेल्या या माणसांची क्रियापदं ऐकली की ते कळतं. नंबर लावतात, नंबर लागतो, नंबर येतो, हुकतो, नंबर काढतात, धरून ठेवतात. नंबर चढतो आणि उतरतो. परका शब्द आपला झाला की नाही हे मला त्याच्या उच्चारावरून ठरवावंसं वाटत नाही. त्याला भाषेनं कोणती क्रियापदं दिली त्यावरून ते ठरतं. 'कितवा' हा आपला जुना प्रश्न. इंग्रजीत या प्रश्नाला एक शब्द नाही. या प्रश्नाशी नंबराची गाठ पडली आणि तिथेच तो सगळ्यात खोल रुजला. मोजदादीच्या शब्दाला आपण जागेचा शब्द केलं.

ती जागा किती मोलाची आहे हे साडेअकराच्या सुमारास दिसतं.

फाटकातून एक पांढरी गाडी आत येते. पाटीवर एमएच ४२ आणि पुढे ४१४१, पण आकडे असे वळवलेले की ते 'दादा' वाचावेत. नियमानं अशा पाटीला दंड आहे. गाडीतून उतरलेला तरुण सरळ माझ्या टेबलाशी येतो. "मॅडम, आईचं तेवढं पटकन बघून घ्या. डॉक्टर वळखीचे हायेत." मी काही बोलायच्या आत भिंतीकडून आवाज येतो. आवाज एक्काहत्तर नंबरच्या आजींचा आहे.

"दादा, नंबरानं या."

तरुण वळून बघतो. आजी बसल्या जागेवरून हलत नाहीत. "आमी दिस उगवायच्या आदी आलोय. तुमच्या आईला खुर्ची द्या, सावलीत बसवा, पानी द्या. नंबर मातुर शेवटचा." दोन बाया उठतात, गाडीतल्या म्हाताऱ्या बाईंना धरून उतरवतात, माझ्याशेजारची खुर्ची ओढून त्यांना बसवतात. पाणी येतं. मी चिठ्ठी देते: एकशे अठरा. तरुण काहीतरी बोलायला तोंड उघडतो, आईकडे बघतो आणि चिठ्ठी घेतो. त्याच्या आईच म्हणतात, "बरोबर हाय त्यांचं. बस खाली."

या अंगणात एकर-दोन एकरवाले आहेत, बागाईतदार आहेत, दुसऱ्याच्या बांधावर राबणारे आहेत. कोण कोणाच्या पुढे चालतो हे गावात पिढ्यान्‌पिढ्या जातीनं, जमिनीनं आणि ओळखीनं ठरत आलेलं आहे. चिठ्ठीवरचा आकडा यातलं काहीच विचारत नाही. जो आधी आला तो आधी. ज्याच्याजवळ दाखवायला दुसरं काही नाही त्याच्याजवळ निदान नंबर असतो, आणि तो घेऊन तो ताठ उभा राहू शकतो. आजींना अक्षर येत नाही, पण आपला नंबर कोणी खाल्ला तर काय जातं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ओळखीनं, पैशानं, मागच्या दारानं जे होतं त्यालाही गावानं नंबरच दिला आहे: दोन नंबर. दोन नंबरचा पैसा, दोन नंबरचा धंदा. सरळ रांगेतून आलं नाही ते दोन नंबरचं, असा तो न्याय आहे.

थोड्या वेळानं ऊसतोडीच्या टोळीतला एक पोरगा येतो. टोळी बीडकडची, फडावर खोपटी घालून राहिलेली. त्याच्या डाव्या डोळ्यावर ओला रुमाल आहे. तोडताना उसाचं पातं डोळ्याला लागलंय, काल दुपारी. रुमाल काढतो तर डोळा लालबुंद आणि पाण्यानं भरलेला. अशी जखम चिघळली तर बुबुळावर व्रण पडतो आणि दृष्टी जाते. मी चिठ्ठी फाडते. एकशे एकोणीस. आतून पुकारा होतो आहे, "एकाहत्तर!"

आजी उठतात. दारापर्यंत जातात. आणि थांबतात. "लेकरा, इकडं ये." त्या आपली चिठ्ठी त्याच्या हातात ठेवतात आणि त्याची चिठ्ठी काढून घेतात. "मला काय, मोतीबिंदू हाय, दोन वर्सं झाली. आनिक दुपारपतूर कुठं जातोय." तो काही म्हणायच्या आत त्याला आत ढकलतात. भिंतीशी कोणीही हरकत घेत नाही. उलट बहात्तर नंबरवाला अण्णांना म्हणतो, "बरं केलं म्हातारीनं."

मघाशी ज्या आजींनी गाडीवाल्याला नंबर दिला नाही त्याच आजी आता आपला नंबर देऊन मोकळ्या झाल्या आहेत. यात मला विसंगती दिसत नाही. नंबर आपला असतो तेव्हाच तो देता येतो. हिसकावून घेतलेल्या जागेला दान म्हणत नाहीत. पोरग्याच्या डोळ्यात औषध घालून, पट्टी बांधून, त्याला आजच तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायचं ठरतं. गाडी ४१४१ची. तरुण स्वतःच चावी घेऊन पुढे आलेला आहे.

दुपारी चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सकाळी पायताण ठेवून गेलेले अण्णा आतून बाहेर येतात. नाकावर जवळचा चष्मा, प्लस अडीचचा. व्हरांड्याच्या पायरीवर बसून ते खिशातून चार घड्यांचा कागद काढतात. सातबारा. बोट ठेवून वाचतात, ओठ हलतात. भावकीत वाद चालू आहे आणि आजवर हा कागद प्रत्येकजण आपापल्या सोयीनं त्यांना वाचून दाखवत आला आहे. "दोनशे... सत्त्याऐंशी. पोटखराबा... हां." ते पुन्हा एकदा वरून सुरू करतात. शेजारचा पोरगा विचारतो, "कसा हाय चष्मा, अण्णा?"

"येक नंबर!"

'कसा' या प्रश्नाला मराठीनं दिलेलं हे उत्तर. वडापाव एक नंबर असतो, पाऊस एक नंबर पडतो, माणूस एक नंबर असतो. रांगेत उभं राहून शिकलेला शब्द शेवटी कौतुकाचा झाला. पहिली जागा म्हणजे उत्तम, एवढाच त्याचा अर्थ. पण अण्णांच्या तोंडून आज तो येतो तेव्हा त्यात आणखी काही असतं: आपल्या जमिनीचा नंबर आपल्या डोळ्यांनी, दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता वाचता येणं.

पाच वाजतात. एकशे एकोणीसच्या चिठ्ठीवर आजींची तपासणी होते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या यादीत त्यांचं नाव येतं. डोळ्यात बसवायच्या भिंगालाही नंबर असतो. डोळ्याची लांबी आणि त्याच्या पारदर्शक पडद्याची गोलाई मोजून तो काढतात. तो रुग्णालयात काढतील. अंगणात अजून वीसेक माणसं आहेत आणि उजेड उतरायला लागला आहे. काहींच्या चेहऱ्यावर जुनी ओळखीची शंका आहे: आता सांगतील, उद्या या, पहिल्यापासून नंबर लावा.

डॉक्टर व्हरांड्यात येतात. "ज्यांचा नंबर आज लागला नाही त्यांनी चिठ्ठ्या जपून ठेवा. पुढच्या रविवारी एकशे वीसपासून सुरू करू. कोणाचाही नंबर जाणार नाही."

माणसं चिठ्ठ्या घडी करून खिशात, कनवटीला, पदराच्या गाठीत ठेवतात. कोणी वाद घालत नाही, कोणी विनवणी करत नाही. इंग्रजांच्या मोजणीबरोबर हा शब्द या शिवारात उतरला तेव्हा तो सारा ठरवायला आला होता, सरकारच्या सोयीसाठी. आज तो या माणसांच्या सोयीचा आहे. ज्यांना कोणी मोजत नव्हतं त्यांनी तो उचलला आणि आपल्या हक्काचा केला. दवाखान्यात, तलाठ्याकडे, कारखान्याच्या काट्यावर, जिथे जिथे माणूस 'माझा नंबर आहे' म्हणतो तिथे तो उपकार मागत नसतो. तो आपली जागा सांगत असतो, आणि ती जागा राखणं हे टेबलाच्या अलीकडे बसलेल्या आम्हा सगळ्यांचं काम आहे.